दाह एकाचा, उपचार दोघांचा

लघवी करताना जळजळ होते, हे पुरुष सहसा कुणाला सांगत नाही. उन्हात फिरलो, पाणी कमी प्यालो, उन्हाळी लागली असेल, असं तो स्वतःशीच ठरवतो. धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो. दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा चड्डीवर पिवळसर डाग दिसला, की तो घराजवळचं औषधांचं दुकान टाळतो, दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जाऊन हलक्या आवाजात काहीतरी सांगतो आणि गोळ्या खिशात घालून परततो. चार दिवसांत जळजळ थांबते. प्रकरण मिटलं, असं त्याला वाटतं.

पुष्कळदा ते मिटलेलं नसतं. जळजळ थांबणं आणि आजार जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्रमार्गाचा दाह दिसतो एका पुरुषाच्या शरीरात, पण बहुतेक वेळा त्याचं मूळ आणि त्याची झळ दुसऱ्या शरीरातही असते. म्हणून एकट्याने, चोरून आणि न तपासता घेतलेलं औषध अर्धंच ठरतं. लाजेचा दोष आपण समाजाला देतो, मनाला देतो. पण या आजारात लाज थेट वैद्यकीय नुकसान करते. नमुना चुकतो, औषध चुकतं आणि ज्या व्यक्तीला उपचाराची सर्वांत जास्त गरज असते ती उपचाराबाहेर राहते.

आधी आजार समजून घेऊ. पुरुषाचा मूत्रमार्ग ही साधारण अठरा ते वीस सेंटिमीटर लांबीची नळी. लघवी आणि वीर्य दोन्ही हिच्यातूनच बाहेर येतात. आतलं अस्तर नाजूक असतं आणि ते सुजलं की जळजळ, खाज, टोकाशी लाली, स्राव अशी लक्षणं दिसतात. सूज येण्याची कारणं अनेक आहेत. कॅथेटर, मार लागणं, एखादा साबण किंवा रसायन यांनीही दाह होतो. पण तरुण आणि मध्यमवयीन पुरुषात, विशेषतः स्राव असेल तर, शरीरसंबंधातून आलेल्या जंतूंचा विचार सर्वांत आधी करायला हवा. मूत्राशयाचा साधा जंतुसंसर्ग स्त्रियांमध्ये नेहमीचा. या वयाच्या पुरुषात तो तितका आढळत नाही.

या जंतूंमध्ये सर्वांत ओळखीचा गोनोकोकस. त्याच्या आजाराला गोनोरिया म्हणतात, आपल्याकडे जुने लोक परमा म्हणत. आल्बर्ट नायसर नावाच्या चोवीस वर्षांच्या डॉक्टरने १८७९ साली ब्रेस्लाऊ इथे तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते सात दिवसांत पू येऊ लागतो, घट्ट, पिवळा किंवा हिरवट, आणि लघवी करताना आग होते. दुसरा जंतू क्लॅमिडिया. तो शरीराच्या पेशींच्या आत शिरून वाढतो, एक ते तीन आठवडे घेतो, आणि त्याचा स्राव पातळ, पुष्कळदा फक्त सकाळी टोकाशी दिसेल एवढाच असतो. कित्येक पुरुषांना तेवढंही जाणवत नाही. तिसरा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम. लंडनमध्ये मूत्रमार्गदाहाच्या दोन पुरुष रुग्णांत तो १९८० साली पहिल्यांदा सापडला. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली, म्हणजे भित्तिकेवरच घाव घालणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. यांच्याशिवाय ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी आहे, नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू आहे, आणि कधी डोळे येण्याबरोबर मूत्रमार्गही लाल करणारा ॲडिनोव्हायरस आहे.

ही नावं सांगतो, कारण उपचार नावावर ठरतो. गोनोकोकसला इंजेक्शन लागतं. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोनदा, सात दिवस. ट्रायकोमोनासला मेट्रोनिडाझोलच्या गटातलं औषध. मायकोप्लाझ्मा ॲझिथ्रोमायसिनच्या एका मोठ्या डोसने पुष्कळदा जात नाही, उलट त्या डोसने त्याची औषधाला दाद न देण्याची ताकद वाढते. आणि गोनोरिया व क्लॅमिडिया एकाच रुग्णात एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. फक्त गोनोरियाचं औषध दिलं की पू थांबतो, आग कमी होते आणि क्लॅमिडिया मागे शांतपणे राहतो. जळजळ थांबली म्हणून निश्चिंत झालेला पुरुष पुष्कळदा याच अवस्थेत असतो.

मग तपासणी का होत नाही? होते, पण चुकीची होते. या विषयातली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मला इथे सांगायची आहे. लाजेपोटी रुग्ण डॉक्टरला फक्त ‘जळजळ होते’ एवढंच सांगतो. स्राव सांगत नाही, संबंध सांगत नाही. डॉक्टरही विचारायला संकोचतात. कागदावर ‘युरीन रुटीन’ आणि ‘कल्चर’ लिहिलं जातं. लॅबमध्ये बाटली देताना सांगतात, सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली धरा. मूत्राशयाच्या संसर्गासाठी ते बरोबर आहे. पण मूत्रमार्गाच्या दाहाचा सगळा पुरावा त्या सुरुवातीच्या वीस-तीस मिलिलिटरमध्ये असतो, कारण तीच लघवी नळीचं अस्तर धुऊन आणते. तोच भाग आपण सांडून देतो. राहिलेल्या स्वच्छ लघवीचं कल्चर साध्या थाळीवर लावलं जातं, तिथे क्लॅमिडिया वाढत नाही, मायकोप्लाझ्मा वाढत नाही, गोनोकोकसलाही खास माध्यम लागतं. रिपोर्ट येतो, वाढ नाही. रुग्णाला सांगितलं जातं, काही निघालं नाही. त्याची जळजळ मात्र तशीच असते, आणि आता त्याला वाटू लागतं की हे सगळं आपल्या मनाचेच खेळ आहेत.

योग्य नमुना घेणं अवघड नाही. निदान तासभर लघवी केलेली नसावी, आणि सुरुवातीचीच लघवी घ्यावी. स्राव असेल तर त्याचा काचपट्टीवर लेप घेऊन ग्रॅम स्टेन करावा. पांढऱ्या पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू दिसले, तर लक्षणं असलेल्या पुरुषात गोनोरियाचं निदान जवळजवळ पक्कं समजावं. ही जुनी, स्वस्त, काही मिनिटांची तपासणी आहे. ज्या तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोगासाठी थुंकी तपासणारा सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ आहे, तिथे ती होऊ शकते. ती लिहून दिली जात नाही, कारण तिच्यासाठी रुग्णाला कपडे उतरवायला सांगावं लागतं आणि डॉक्टरला ते पाहावं लागतं.

इथे मला एका प्रामाणिक प्रतिवादाला सामोरं गेलं पाहिजे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, आपल्या देशात वर्षानुवर्षं लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत चालवली. औषधांच्या रंगीत पेट्या ठरवल्या. पुरुषाच्या मूत्रमार्गातून स्राव असेल तर राखाडी पेटी, तिच्यात ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झीम चारशे मिलिग्रॅम. त्याच भेटीत, समोर, औषध गिळायला द्यायचं. यामागचा विचार भक्कम होता. प्रयोगशाळा सगळीकडे नाही. रिपोर्ट घ्यायला रुग्ण परत येईलच असं नाही. ऊसतोडीला गेलेला, ट्रकवर असलेला, बांधकामाच्या साइटवरून उद्या दुसऱ्या गावी जाणारा माणूस येतच नाही. तो संसर्ग घेऊन फिरत राहण्यापेक्षा आजच दोन्ही जंतूंवर औषध देणं शहाणपणाचं. या पद्धतीने अगणित लोकांचा त्रास वाचवला आहे आणि ती पद्धत आखणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

तरीही ती पहिली पायरी होती, तिथेच थांबायचं नव्हतं. लक्षणांवरून उपचार करणाऱ्या पद्धतीला लक्षणं नसलेला माणूस दिसत नाही, आणि क्लॅमिडियाचे बहुसंख्य रुग्ण लक्षणांविना असतात. पेटीतलं औषध ज्या जंतूंवर चालत नाही, ते जंतू तिच्यातून सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात, जिथे शक्य आहे तिथे स्राव असलेल्या पुरुषाची रेणवीय तपासणी करावी आणि उपचार शक्यतो त्याच दिवशी द्यावा, असं सुचवलं आहे. आपल्याला हे शक्य नाही, असं आता म्हणता येणार नाही. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रावर क्लॅमिडिया-गोनोरियाची जोडतपासणी चालते. वेगळं कार्ट्रिज घातलं की साधारण दीड तासात उत्तर मिळतं. यंत्र आहे, वीज आहे, माणूस आहे. खरेदीच्या यादीत ते कार्ट्रिज आणायचा निर्णय तेवढा हवा.

न तपासता औषध देत राहण्याची किंमत आपण औषधांच्या रूपानेही मोजतो आहोत. १९३० च्या दशकाच्या शेवटी सल्फा औषधांनी गोनोरिया बरा होऊ लागला, काही वर्षांतच ती निकामी ठरली. मग पेनिसिलिन आलं. त्याचा डोस दशकानुदशकं वाढवावा लागला, आणि १९७६ मध्ये पेनिसिलिन मोडून काढणारे गोनोकोकस सापडले. टेट्रासायक्लिन गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिन अमेरिकेने २००७ मध्ये गोनोरियाच्या उपचारातून काढलं. भारतात तर ते या आजारावर जवळजवळ निरुपयोगीच झालं आहे. सेफिक्झीम २०१२ मध्ये अमेरिकेत पहिल्या पसंतीवरून उतरलं. आता मुख्य आधार उरला आहे सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शन, आणि त्यालाही दाद न देणारा गोनोकोकस २००९ मध्ये जपानमधल्या क्योतोत सापडला. झोलिफ्लोडॅसिन या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे आश्वासक निष्कर्ष २०२३ च्या अखेरीस जाहीर झाले, पण नवं औषध आलं म्हणून जुनी सवय तशीच ठेवली तर तेही याच रस्त्याने जाईल.

गोनोकोकसला ही ताकद फक्त लैंगिक आजाराच्या गोळ्यांतूनच मिळते असं नाही. त्याचे निरुपद्रवी भाऊबंद आपल्या घशात कायम राहतात. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनला ते तोंड द्यायला शिकतात, आणि गोनोकोकस घशात पोचला की त्यांच्याकडून ती जनुकं उचलतो. म्हणजे पडशाला चिठ्ठीशिवाय दिलेली गोळीही या गोष्टीचा भाग आहे. सेफिक्झीम आणि सेफ्ट्रिॲक्झोन भारतात ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते. हा नियम औषधविक्रेत्यांनी पाळावा आणि अन्न व औषध प्रशासनाने तो पाळून घ्यावा, ही मागणी रुग्णविरोधी नाही.

आता दुसऱ्या टोकाचे पुरुष. यांना जंतू नसतोच, किंवा एकदा झालेला संसर्ग पूर्ण बरा झालेला असतो, पण भीती जात नाही. एखाद्या संबंधाचा अपराधभाव मनात ठसलेला असतो. ते रोज टोक दाबून स्राव येतो का पाहतात, आणि त्या दाबण्यानेच अस्तर चिडतं, थेंब येतो, भीती खरी ठरते. लघवीतून धातू जातो, म्हणून शरीर झिजतं, या समजुतीने कितीतरी तरुण खचलेले असतात, मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या अवस्थेला १९६० मध्येच धात सिंड्रोम असं नाव दिलं. अशांच्या पदरी प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स पडतात. त्यांना हवं असतं ते नीट केलेल्या तपासणीचं ‘नाही’ हे उत्तर आणि ते समजावून सांगणारा डॉक्टर. मिळतो तो भिंतीवरचा मजकूर. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर, सार्वजनिक मुतारीत, गुप्तरोगावर खात्रीलायक इलाजाच्या जाहिराती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने लैंगिक रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. ज्या रोगांवर जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत हे रोग नावानिशी आहेत. सत्तर वर्षांनंतरही त्या भिंती बोलतात, कारण डॉक्टर आणि रुग्ण बोलत नाहीत.

उपचार लांबला तर पुरुषाचंही नुकसान होतं. अंडकोशामागची नलिका सुजते, काहींना सांधे सुजून धरतात, आणि वर्षांनी मूत्रमार्ग आतून व्रण पडून आक्रसतो. लघवीची धार बारीक होते, कुंथावं लागतं. पुण्यातले शल्यविशारद डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबवर आक्रसलेला मूत्रमार्ग गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावून एकाच शस्त्रक्रियेत रुंद करण्याची जी पद्धत बसवली, ती आज जगभर वापरली जाते. आक्रसण्याची कारणं आता बदलली आहेत. दुखापत, कॅथेटर, त्वचेचा एक चिवट आजार ही अधिक आहेत. पण परम्याने नळी बंद होणं अजून इतिहासजमा झालेलं नाही. मूत्रमार्गाचा दाह असताना एचआयव्ही असलेल्या पुरुषाच्या वीर्यात त्या विषाणूचं प्रमाण कितीतरी वाढतं. आफ्रिकेतल्या मलावीत झालेल्या १९९७ च्या अभ्यासात ते आठपट आढळलं आणि दाहावर उपचार केल्यावर खाली आलं. म्हणून दाह असलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी त्याच भेटीत झाली पाहिजे.

पण सर्वांत मोठं नुकसान त्याच्या जोडीदाराचं होतं, आणि माझा सगळा आग्रह शेवटी इथे येऊन पोचतो. स्त्रीला क्लॅमिडिया झाला तर बहुधा काहीच जाणवत नाही. गोनोरियाही तिच्यात पुष्कळदा मुका असतो. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि हे बाईच्या जातीला असायचंच म्हणून ती सोसते. संसर्ग वर सरकून गर्भनलिकांपर्यंत जातो. नळ्या चिकटतात. गर्भ गर्भाशयाबाहेर राहू शकतो, त्यात जीव जाऊ शकतो. मूल होत नाही आणि घरात बोट तिच्याकडे वळतं. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोगही मोठं कारण आहे, प्रत्येक वेळी दोष या जंतूंचा नसतो. पण ज्या वेळी असतो, त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी नवऱ्याची जळजळ थांबलेली असते आणि बायकोला कुणी विचारलेलंही नसतं. मग काही आठवड्यांनी त्याची जळजळ परत सुरू होते, कारण न बरा झालेला जंतू तिच्याकडून त्याच्याकडे परत येतो. तो म्हणतो, औषध लागू पडलं नाही.

पुरुषाचा आजार स्त्रीच्या अंगावर टाकण्याची ही रीत जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्या कायद्याने वेश्याव्यवसायातल्या बायकांची सक्तीने नोंद झाली, सक्तीने तपासणी झाली, आणि रोग आढळला की त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडलं गेलं. मुंबईतही तो लागू झाला. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला या कायद्याने हातही लावला नाही. १८८८ मध्ये तो रद्द झाला, रोग मात्र थांबला नव्हता, थांबणारही नव्हता, कारण संसर्गाची अर्धी बाजू तपासायचीच नाही असं ठरवलं होतं. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि गुप्तरोगांबद्दल मराठीत उघड, शास्त्रीय भाषेत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. जे कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी उघड मांडलं, ते आपल्या दवाखान्यात अजून कुजबुजून बोललं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

बायकोला सांगायचं कसं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला हलकं लेखू नये. घर मोडण्याची भीती असते. म्हणून एक वैद्यकीय सत्य नवऱ्याला, बायकोला आणि डॉक्टरलाही माहीत असायला हवं. क्लॅमिडिया शरीरात कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक, काही न दाखवता राहू शकतो. आज सापडलेला जंतू केव्हा आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. चारित्र्याचा निकाल त्यावरून लावता येत नाही, आणि डॉक्टरने तो लावायचा प्रयत्नही करू नये. त्याचं काम दोघांना एकाच वेळी औषध देणं. औषध पूर्ण होईपर्यंत, आणि एका डोसचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस, दोघांनी संबंध टाळायचा. जोडीदार पुरुष असेल तरी नियम हाच; समलिंगी पुरुषांना दवाखान्यात खरं सांगता येत नसेल, तर घशाची आणि गुदद्वाराची तपासणी राहून जाते आणि उपचार पुन्हा अर्धा राहतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, कारण पुन्हा लागण होणं फार सर्रास आहे.

हे वाचणाऱ्या पुरुषाला माझी विनंती आहे. जळजळ किंवा स्राव असेल तर दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जा, आणि ‘स्राव आहे’ हे दोन शब्द स्वतःहून उच्चारा. सुरुवातीच्या लघवीची तपासणी मागा. औषध मधेच सोडू नका आणि जोडीदाराला बरोबर न्या. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे. तिथे तपासणी आणि औषध विनामूल्य मिळतं, आणि माहिती गुप्त ठेवली जाते. तिथवर जाण्याचा धीर होत नसेल, तर आधी १०९७ वर फोन करा. तो नॅकोचा क्रमांक आहे, आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत.